बीपी वाढतो कशाने? सगळा दोष टेन्शनवर टाकून मोकळं व्हायचं का?

भांडुपकरीण

आमच्या सोसायटीत महिला मंडळातर्फे नुकतंच बीपी आणि साखर तपासणीचं शिबिर झालं. चाळिशीच्या पुढचे जे आले त्यांच्यात जवळजवळ दर तिसऱ्याचा बीपी १४०/९० च्या वर निघाला. त्यातल्या निम्म्याअधिक लोकांना आपल्याला बीपी आहे याचा पत्ताच नव्हता. आकड्याचं मला नवल वाटलं नाही. महापालिकेने जागतिक आरोग्य संघटनेच्या पद्धतीने २०२१ साली केलेल्या पाहणीत १८ ते ६९ वयाच्या मुंबईकरांपैकी ३४ टक्के लोकांना उच्च रक्तदाब निघाला होता. म्हणजे आमची सोसायटी काही जगावेगळी नाही.

राग आला तो उत्तरांचा. "अहो, हल्ली टेन्शन किती असतं!" "आत्ताच जिना चढून आलो ना, म्हणून." "माझं तर डोकंही दुखत नाही." एवढं बोलून माणसं चहा पिऊन घरी गेली.

टेन्शन म्हटलं की विषयच संपतो. मुंबईत टेन्शन कुणाला चुकलंय? मग करण्यासारखं काही उरतच नाही आणि कागद ड्रॉवरमध्ये जातो. माझं स्पष्ट मत आहे की टेन्शन या यादीत बरंच खाली येतं. मीठ, सुटलेलं पोट, बसून राहणं, दारू, तंबाखू आणि आईवडिलांकडून आलेला वारसा हे सगळे त्याच्या वर.

तुमच्या घरात बीपी कुणाला, कधी आणि कशामुळे निघाला ते लिहा. आणि "मला काही होत नाही" म्हणणाऱ्याला पुन्हा मशीनसमोर बसवायचं कसं, तेही सुचवा.

विरार_फास्ट

अजिबात पटलं नाही. सकाळच्या गर्दीत विरारहून चर्चगेटपर्यंत दारात उभं राहून जा, मग सांगा टेन्शन खाली येतं की वर. ऑफिसात टार्गेट, घराचा हप्ता, मुलाची बारावी. माझा बीपी पहिल्यांदा वाढलेला सापडला तो आधीच्या कंपनीत माणसं कमी करत होते तेव्हा. मे महिन्यात गावी देवगडला गेलो की तोच बीपी १२८/८२. टेन्शन नाही तर दुसरं काय बदललं हो?

कुर्ला_पूर्व

विरार_फास्टशी १०० टक्के सहमत.

ठाकूरद्वारचा_डॉक्टर

विरार_फास्ट, तुमचा प्रश्न रास्त आहे, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

ताण आला की ॲड्रेनलिन वाढतं, नाडी वाढते, रक्तवाहिन्या आवळतात आणि बीपी चढतो. हे खरंच आहे. पण तो प्रसंग संपला की काही वेळात उतरतोही. वर्षानुवर्षं चढलेला राहणारा बीपी वेगळा. त्याच्यामागे सगळ्यात भक्कम पुरावा आहे तो वय, वजन, जास्त मीठ, फळंभाज्या कमी खाणं, दारू, व्यायामाचा अभाव आणि आनुवंशिकता यांचा. १० पैकी ९ रुग्णांत एकच एक कारण बोट ठेवून दाखवता येत नाही. हे सगळं मिळून तो वाढतो. उरलेल्यांत किडनीचा आजार, ॲड्रिनल ग्रंथीची किंवा थायरॉइडची गडबड, किडनीकडे जाणारी धमनी अरुंद होणं अशी कारणं सापडतात. विशेषतः तिशीच्या आत खूप वाढलेला बीपी दिसला किंवा तीन-तीन गोळ्यांनी उतरेना, तर ती शोधलीच पाहिजेत.

आता देवगड. तिथे तुम्ही किती वाजता झोपता? दिवसभरात किती चालता? वडापाव, चायनीज, ऑफिसच्या कॅन्टीनचं जेवण असतं का? लोकलचा आवाज आणि गाड्यांचा धूर असतो का? रहदारीचा सततचा गोंगाट आणि हवेतले बारीक धूलिकण या दोन्हींचा बीपीशी संबंध अभ्यासांत दिसला आहे. गावी गेल्यावर टेन्शन उतरतं, पण त्याच्याबरोबर आणखी दहा गोष्टी बदलतात.

आणि भांडुपकरीण, टेन्शनला अगदी सोडूनही देऊ नका. ताणातला माणूस कमी झोपतो, रात्री उशिरा जेवतो, तंबाखूची पुडी काढतो, शुक्रवारी बसतो. टेन्शन असं आडवाटेने बीपीपर्यंत पोचतं.

विरार_फास्ट

गावी चालणं होतं हे मान्य, झोपही नऊला. पण गर्दी मोजायची नाही हे काही पटत नाही. रोजचे तीन तास जातात त्यात. व्यायामाचे तास तिथेच संपतात.

ठाकूरद्वारचा_डॉक्टर

हे मात्र अगदी बरोबर बोललात. प्रवास तुमची झोप आणि चालणं दोन्ही खातो, आणि त्याची किंमत बीपीत दिसते.

लाटणं_पोळपाट

मिठाचा हिशोब मी घरी मांडला तो देते, प्रत्येकीने करून बघावा. आमच्याकडे चार माणसं आणि मिठाची किलोची पिशवी महिनाभरात संपते. १००० ग्रॅम भागिले ३० दिवस भागिले ४ माणसं, म्हणजे माणशी दिवसाला ८ ग्रॅमच्या वर. थोडं पाण्यात, भांड्यात वाया जातं असं धरलं तरी बाहेरून येणारं मीठ यात मोजलेलंच नाही. पाव, फरसाण, बिस्किटं, सॉस, लोणचं, पापड सगळं वेगळं. जागतिक आरोग्य संघटना सांगते दिवसाला ५ ग्रॅमच्या आत, म्हणजे सगळं मिळून चहाचा सपाट चमचाभर. भांडुपकरीण यांनी ज्या पाहणीचा उल्लेख केला त्यातच मुंबईकराचं सरासरी मीठ ८.६ ग्रॅम निघालं होतं. माझ्या पिशवीचा हिशोब त्याच्याशी इतका जुळला की मी कागदावर पुन्हा मांडून पाहिला.

आता पिशवीवर आणल्याची तारीख लिहिते. दीड महिना पुरली पाहिजे, असं ठरवलंय. सासरे पहिले काही दिवस "आमटी पाणचट झालीय" म्हणायचे. कोकम, लिंबू, आलं, ओली मिरची वाढवली तसं बोलणं बंद झालं.

चिवडाप्रेमी

पिशवीवर तारीख ही कल्पना भारी. मग पानात डावीकडे मीठ वाढायचं की नाही? आमच्या आजीचं पान मिठाशिवाय सुरूच होत नाही :)

दादरच्या_आजी

वाढा की. पानातलं मीठ चिमूटभर असतं आणि निम्मं तिथेच राहतं. खरं मीठ भाजीत, आमटीत, कणकेत, भातात आणि त्याच्या शेजारच्या लोणच्यात असतं. आम्ही कणकेत आणि भातात मीठ घालणं सोडून दिलं. भाजीबरोबर खाताना कुणाला कळतही नाही. पापड मात्र सणावारी. पानातल्या चिमटीवर चर्चा करून लोणच्याची बरणी भरलेली ठेवायची याला अर्थ नाही.

घरगुती_पापडवाली

आजींचं बरोबर आहे, आणि हे मी पापड विकत असूनही लिहितेय. उडदाच्या पापडात मीठ असतंच, शिवाय पापडखार. त्या खारातही सोडियमच. इडली-ढोकळ्यातला सोडाही तसाच. गिऱ्हाईक विचारतं "मीठ कमी आहे ना?", पण खाराचं कुणी विचारत नाही. मी हल्ली बीपीवाल्यांना सांगते, तांदळाच्या बिनखाराच्या फेण्या घ्या, आणि त्याही एकच.

वेसावकर

आमच्या सुक्या मासळीवर पण सगळे तुटून पडतात, म्हणून सांगतो. बोंबील वलांडीवर, म्हणजे बांबूच्या मांडवावर, वाळतात ते उन्हावाऱ्याने, आमच्याकडे त्याला मीठ लावत नाहीत. खारवतात ती सुरमई, मुशी, घोळ. ती हाताला लावून पाहा, बोटाला मिठाचे कण चिकटतात. तिला रात्रभर पाण्यात ठेवलं आणि पाणी दोनदा बदललं तरी मीठ पुरतं जात नाही. डॉक्टरने आईला "सुकं बंद" सांगितलं तेव्हा तिने बोंबील पण सोडले होते. तिला वेगळं करून समजावलं. बोंबील, कोलीम जपून, खारं बंद. पण बाजारात घेताना चव घेऊन बघा, काही ठिकाणी सोडेसुद्धा मिठातले मिळतात.

दादरच्या_आजी

वेसावकर, ही माहिती डॉक्टर देत नाहीत. आभार.

नैसर्गिक_जीवन

आम्ही घरात फक्त सैंधव वापरतो. त्यात नैसर्गिक खनिजं असतात, बीपी वाढत नाही. पांढऱ्या मिठानेच सगळा घोळ केलाय.

आहारतज्ज्ञ_विलेपार्ले

नाही हो. सैंधवही जवळजवळ सगळं सोडियम क्लोराइडच असतं. बाकीची खनिजं इतकी थोडी की चमचाभर मिठातून काही पदरात पडत नाही. शिवाय बऱ्याच सैंधवात आयोडीन मिसळलेलं नसतं. माझ्याकडे येणारे कित्येक जण सैंधव म्हणून दुप्पट घालतात, आणि उपासाच्या दिवशी खिचडी, वेफर्स, बटाट्याचा चिवडा यांतून नेहमीपेक्षा जास्त मीठ पोटात जातं.

मिठाइतकीच महत्त्वाची पण दुर्लक्षित गोष्ट पोटॅशियम. ते सोडियम बाहेर टाकायला मदत करतं. पालेभाज्या, डाळी, कडधान्यं, केळी, शहाळं, रताळं यांत ते भरपूर. मुंबईत डब्याऐवजी बाहेर खाणाऱ्याचं मीठ वाढतं आणि भाजी घटते, म्हणजे दोन्हीकडून मार. किडनीचा आजार असेल तर मात्र पोटॅशियम डॉक्टरांना विचारूनच.

वजनाचंही सांगते, कारण लोकांना वाटतं २० किलो उतरवल्याशिवाय काही होत नाही. ढोबळमानाने दर किलोमागे वरचा आकडा एकाने उतरतो. पाच किलो उतरले तरी फरक दिसतो.

शंकेखोर

मला वेगळीच शंका आहे. आधी १६०, मग १४०, अमेरिकेने २०१७ मध्ये १३०/८० केलं. सीमा खाली आणली की एका रात्रीत लाखो लोक आजारी. यात औषध कंपन्यांचा फायदा नाही का? आणि आकडे तरी कुठे जुळतात? राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणी, २०१९-२१: स्त्रियांत २१.३ टक्के, पुरुषांत २४ टक्के. आयसीएमआर-इंडियाब ही देशभराची मधुमेह पाहणी, २०२३: ३५.५ टक्के. मुंबईचे ३४. नक्की खरं काय मानायचं?

आकडेमोड

आकडे न जुळण्याचं बरंचसं कारण साधं आहे. कुटुंब आरोग्य पाहणीत १५ वर्षांपासूनची मुलंमुली धरलेली आहेत, इंडियाबमध्ये २० वर्षांच्या पुढचे. बीपी वयाबरोबर वाढतो, त्यामुळे कॉलेजची पोरं मिसळली की टक्का उतरणारच. मोजण्याची पद्धत, किती वेळा मोजलं, कुठली वर्षं, हेही वेगळं. कुठलाही आकडा घेतला तरी चार-पाच माणसांत एक ते तीन माणसांत एक, एवढ्यातच आपण आहोत.

जगाचंही चित्र तसंच. ३० ते ७९ वयात साधारण तिघांत एक. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२३ च्या अहवालानुसार जवळजवळ निम्म्यांना तो असल्याचं माहीत नाही आणि फक्त पाचांत एकाचा ताब्यात आहे. १९९० ते २०१९ मध्ये रुग्णांची संख्या दुप्पट होऊन १३० कोटींच्या घरात गेली. धागाकर्तीच्या शिबिरात जे निम्मे लोक अनभिज्ञ निघाले, ते याच हिशोबातले.

ठाकूरद्वारचा_डॉक्टर

शंकेखोर, सीमारेषेबद्दल. आपल्याकडे निदान अजूनही १४०/९० वरच होतं. पण धोका काही १४० ला जन्माला येत नाही. २००२ साली लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात सुमारे १० लाख लोकांच्या माहितीचं एकत्रित विश्लेषण आलं. ४० ते ६९ वयात वरचा आकडा दर २० ने वाढला की पक्षाघाताने आणि हृदयविकाराने मरण्याचा धोका साधारण दुप्पट होतो, आणि ही चढण ११५/७५ पासूनच सुरू होते. १३० चा निर्णय ज्या मोठ्या चाचणीवर बऱ्याच अंशी उभा आहे, ती 'स्प्रिंट' अमेरिकन सरकारच्या पैशाने झाली होती, कंपनीच्या नाही. तिचे निष्कर्ष २०१५ मध्ये आले.

१३५ असलेल्या प्रत्येकाला गोळी लागत नाही. त्याला मीठ, वजन, चालणं हेच औषध. सीमा खाली आणण्याचा रुग्णाला हा फायदा आहे की तो लवकर सावध होतो.

शंकेखोर

११५ पासून हे माहीत नव्हतं. वाचतो.

रात्रपाळी_ऐरोली

कॉल सेंटरला वर्षानुवर्षं रात्रपाळी केली. ३४ व्या वर्षी बीपी. वजन जास्त नाही, दारू नाही, त्यामुळे घरातले सगळे टेन्शन म्हणूनच मोकळे झाले. बायकोने मात्र डॉक्टरांना सांगितलं की हे घोरतात आणि मध्येच श्वास थांबतो. झोपेची तपासणी झाली, स्लीप ॲप्निया निघाला. रात्रभर श्वास थांबत असेल तर झोपेत जो बीपी उतरायला हवा तो उतरतच नाही, असं डॉक्टरांनी समजावलं. मशीन लावून झोपायला लागलो, दिवसपाळी मागून घेतली. गोळी सुरू आहे, पण डोस कमी झाला. घोरणाऱ्यांच्या बायकांनी कृपया बोलावं. घोरणाऱ्याला स्वतःला ते कळत नाही.

शिवडीची_लेक

गरोदरपणातल्या बीपीबद्दल कुणी लिहिलं नाही म्हणून लिहिते. सातव्या महिन्यात माझे पाय सुजले. सगळे म्हणाले, असं होतंच. तपासणीत बीपी १५०/१०० आणि लघवीत प्रथिनं. प्री-एक्लॅम्पसिया. पालिकेच्या रुग्णालयात दाखल केलं, बाळ लवकर काढावं लागलं. आज लेक शाळेत जाते, ठणठणीत आहे.

बाळंतपणानंतर बीपी नॉर्मलला आला आणि सगळ्यांनी विषय मिटवला. पण ज्या बाईला हे झालं तिला पुढच्या आयुष्यात बीपी, हृदयविकार, पक्षाघात यांचा धोका इतरांपेक्षा जास्त असतो, हे मला फार उशिरा एका सिस्टरने सांगितलं. डिस्चार्ज कार्डावर ही ओळ ठळक अक्षरांत असायला हवी. आपल्या बहिणींना, वहिनींना विचारा. झालं असेल तर दरवर्षी बीपी मोजायला लावा. पाळी जाण्याच्या वयानंतर तर नक्कीच.

भांडुपकरीण

शिवडीची_लेक, हे वाचून थांबले. आमच्या शिबिराच्या फॉर्मवर हा प्रश्नच नव्हता. पुढच्या वेळी असेल.

सांताक्रूझ_केमिस्ट

काउंटरवरचं सांगतो. बीपीची गोळी घेणारेच गुडघ्यासाठी रोज पेनकिलर मागतात. आयबुप्रोफेन, डायक्लोफेनॅक यांसारख्या गोळ्या शरीरात मीठपाणी धरून ठेवतात. बीपी वाढतो, काही औषधांचा परिणाम कमी होतो, किडनीवर ताण येतो. सर्दीच्या नाक मोकळं करणाऱ्या गोळ्या, स्टेरॉइड, काही गर्भनिरोधक गोळ्या, फसफसणाऱ्या गोळ्यांतलं सोडियम यांचंही तसंच. ज्येष्ठमधाचा काढा रोज पिणाऱ्यांनीही डॉक्टरांना सांगावं, जास्त झाला तर तोही बीपी चढवतो. केमिस्टला "माझा बीपी आहे" हे तीन शब्द आधी सांगत जा, बाकी आम्ही विचारतो.

दुसरं दुखणं म्हणजे गोळी बंद करणं. "आता नॉर्मल आलाय, मग कशाला?" अहो, गोळीने नॉर्मल आलाय. आमच्या गल्लीतले एक रिक्षावाले काका असेच थांबले. पक्षाघात झाला, उजवा हात गेला. रिक्षा आता मुलगा चालवतो. पैशांमुळे बंद करत असाल तर स्पष्ट बोला. जनऔषधी केंद्रात याच गोळ्या स्वस्त मिळतात, पालिकेच्या दवाखान्यातही मिळतात. पायावर सूज, कोरडा खोकला असा त्रास होत असेल तरी स्वतः बंद करू नका. डॉक्टर बदलून देतात.

परळ_जुनं_नवं

थोडं अवांतर, पण मुंबईकरांना अभिमान वाटावा असं. बीपीच्या औषधांच्या इतिहासात परळचं मोठं पान आहे. केईएमच्या डॉ. रुस्तम जाल वकील यांनी सर्पगंधेवर केलेल्या कामाचा निबंध १९४९ साली ब्रिटिश हार्ट जर्नलमध्ये छापून आला. आपल्या वैद्यांना ही मुळी ठाऊक होतीच. वकिलांनी ती बीपीच्या रुग्णांना देऊन, मोजून, नोंदी ठेवून पाश्चात्त्य डॉक्टरांपुढे मांडली. १९५२ मध्ये तिच्यातून रेसर्पिन हे औषधी द्रव्य वेगळं केलं गेलं. १९५७ मध्ये वकिलांना वैद्यकातला अमेरिकेचा लास्कर पुरस्कार मिळाला.

त्याआधी काय अवस्था होती? अमेरिकेचे अध्यक्ष रूझवेल्ट १२ एप्रिल १९४५ रोजी मेंदूतल्या रक्तस्रावाने गेले, तेव्हा त्यांचा बीपी ३००/१९० नोंदला गेला होता. जगातल्या सगळ्यात बलाढ्य माणसाला द्यायला धड औषध नव्हतं. आज आपल्या कोपऱ्यावरच्या दवाखान्यात ते मिळतं आणि आपण ते ड्रॉवरमध्ये ठेवतो, याचं फार वाईट वाटतं.

नैसर्गिक_जीवन

मग सर्पगंधाच घ्यावी की! आपलीच वनस्पती.

ठाकूरद्वारचा_डॉक्टर

स्वतःच्या मनाने अजिबात नको. तिने काही रुग्णांत खोल नैराश्य येतं, नाडी मंदावते. आज त्याहून सुरक्षित औषधं आहेत म्हणूनच ती मागे पडली. वकिलांचं मोठेपण त्याने कमी होत नाही.

सिस्टर_कांजूर

मी पालिकेच्या दवाखान्यात आहे, शिबिरांनाही जाते. मोजण्याबद्दल लिहिते, कारण "जिना चढून आलो" म्हणणाऱ्याचं थोडं बरोबर असतं आणि त्यामुळेच तो निसटतो.

माणूस आला की त्याला आधी पाच मिनिटं नुसतं बसवायचं. पाठ टेकलेली, पाय जमिनीला, मांडीवर मांडी नाही. हात टेबलावर, हृदयाच्या पातळीत. अर्ध्या तासात चहा, तंबाखू, मशेरी, सिगारेट नको. लघवी लागली असेल तर आधी जाऊन यायचं. पट्टा उघड्या दंडावर, शर्टाच्या बाहीवर नाही. मोजताना बोलायचं नाही, मीही नाही, शेजारची बाईही नाही. शिबिरात हेच सगळ्यात अवघड जातं. एका मिनिटाने दुसऱ्यांदा मोजायचं. आणि दंड जाड असेल तर मोठा पट्टा. छोट्या पट्ट्याने आकडा उगाच जास्त येतो.

एवढं केल्यावरही जास्त आला तरी एका दिवसावरून शिक्का मारत नाही, फार वाढलेला नसेल तर. पुन्हा वेगळ्या दिवशी. काहींचा दवाखान्यात वाढतो आणि घरी नॉर्मल असतो. काहींचा नेमका उलटा, दवाखान्यात छान आणि घरी वाढलेला, हे जास्त फसवं. घरी मोजताना सरासरी १३५/८५ च्या वर गेली की दाखवायला या. १८०/१२० च्या वर आणि सोबत छातीत दुखणं, बोलण्यात अडखळणं, हातपाय लुळे पडणं, दिसायला अंधूक होणं असेल तर थांबायचं नाही, थेट रुग्णालय.

मशेरीचं मुद्दाम लिहिलं. आमच्याकडे येणाऱ्या बायका "मला कसलंच व्यसन नाही" म्हणतात आणि दिवसातून चार वेळा मशेरी लावतात. तीही तंबाखूच.

चिवडाप्रेमी

आमच्याकडे आई कुकरच्या शिट्ट्या मोजता मोजता बीपी मोजते. आज सिस्टरांचा प्रतिसाद मोठ्याने वाचून दाखवला. गॅस बंद करून मोजला, वरचा आकडा १२ ने कमी!

विरार_फास्ट

मूळ प्रश्नाकडे येतो. माणसाला पुन्हा आणायचं कसं. आमच्या डब्यातल्या ग्रुपमधला एक जण दर महिन्याच्या पहिल्या शनिवारी स्वतःचा आकडा ग्रुपवर टाकतो. हळूहळू बाकीचेही टाकायला लागले. कुणी कुणाला उपदेश करत नाही, पण ज्याने टाकला नाही त्याला दोघं तरी फोन करतात. टेन्शनबद्दलचं मत मी सोडलेलं नाही, पण आकडा समोर आला की माणूस मीठही बघतो, हे मी पाहिलंय.

लालबाग_चाळ

आमच्या चाळीत गणेशोत्सव मंडळाने मशीन घेतलं. कार्यालयात ठेवलंय, रविवारी सकाळी मंडळाची दोन पोरं बसतात. वहीत नाव, तारीख, आकडा. वही महत्त्वाची. नुसता एकदा मोजला तर माणूस विसरतो, मागचे आकडे दिसले की विचारात पडतो. "डोकं दुखत नाही" म्हणणाऱ्यांसाठी आम्ही वेगळा उपाय केला. डायलिसिसवर असलेले चाळीतलेच एक काका येऊन बसले. त्यांना कधीच काही दुखलं नव्हतं. किडन्या निकामी व्हायला लागल्यावर बीपी सापडला. त्यांनी फार बोलायची गरजच पडली नाही.

कुर्ला_पूर्व

वही ठेवता ते चांगलं, पण सगळ्यांसमोर उघडी ठेवू नका. लग्नाच्या वयाच्या मुलामुलींचे आकडे शेजाऱ्यांना कळायचं कारण नाही.

लालबाग_चाळ

प्रत्येकाला स्वतःचं कार्ड आहे, वही कपाटात असते. पण मुद्दा बरोबर.

शिवडीची_लेक

आणि वॉचमन, सफाई कामगार, घरकामाच्या मावशी यांना पण बसवा. शिबिर सोसायटीच्या सभासदांसाठी म्हणून ते बाहेरच उभे असतात. रात्रपाळी, चहाबरोबर खारी, जोडीला तंबाखू, धोका त्यांनाच जास्त. आमच्या वॉचमनकाकांचा १७० च्या वर निघाला होता.

भांडुपकरीण

सगळ्यांचे मनापासून आभार. महिला मंडळात बोलले. मशीन घेतोय, मोठ्या पट्ट्यासकट. मेंटेनन्स भरायला सगळे येतात त्या संध्याकाळी ऑफिसबाहेर टेबल लावणार. सिस्टरांनी लिहिलेलं भिंतीवर चिकटवणार. ज्यांचा वाढलेला निघाला होता त्यांच्या दारी मी आणि आणखी एक जण जाऊन येतो, वॉचमनच्या केबिनपासून सुरुवात. गरोदरपणाचा आणि घोरण्याचा प्रश्न फॉर्मवर घातला. टेन्शनलाही एक रकाना दिलाय, विरार_फास्ट, पण त्याच्या शेजारीच "झोप किती तास?" आणि "महिन्याला मीठ किती?" असं छापलंय.

लाटणं_पोळपाट

एक शंका. सासऱ्यांचा उजव्या आणि डाव्या हाताचा आकडा नेहमीच वेगळा येतो, १५ चा फरक. कुठला धरायचा?

ठाकूरद्वारचा_डॉक्टर

पुन्हा पुन्हा मोजूनही १० पेक्षा जास्त फरक राहत असेल तर डॉक्टरांना एकदा दाखवा, एखादी धमनी अरुंद झालीय का ते बघतात. आणि यापुढे ज्या हातावर आकडा जास्त येतो त्याच हातावर मोजत जा.